खोली बघायची तर आधी नाव सांगा

मला जळगावातली एक खोली नुसती बघायची होती. भाडं ठरवायचं नव्हतं, कोणाशी बोलायचं नव्हतं. दाराला आतून कडी आहे का, एवढं बघायचं होतं.

मोठी लेक बारावी झाली आणि तिला जळगावला नर्सिंगला प्रवेश मिळाला. कॉलेजच्या वसतिगृहात जागा उरली नव्हती. आम्ही राहतो पिंपळनेरला, रोज जाऊन येणं शक्य नाही. आमच्या घरात शेवटचा शब्द माझ्या सासऱ्यांचा, आबांचा. मोठीचे वडील त्यांच्यापुढे बोलत नाहीत, मी तर नाहीच. आबांनी नकार दिला नाही. एवढंच म्हणाले, "पहिले खोली देखा. कशी शे, कोनी शे. मंग बोलू." फी भरायची मुदत तोंडावर आली होती आणि मोठी दाखल्यांसाठी साक्रीला खेटे घालत होती. म्हणून खोली बघायचं काम मी मनानेच अंगावर घेतलं. मी आधी बघितली, आबांना नीट सांगितलं, तर पोरीचं काम होईल असं वाटलं.

मी चौथी शिकले. वाचता येतं, पण सावकाश. मोठीने फोनमध्ये मराठी अक्षरं बसवून दिली आहेत. दुपारी सगळे बाहेर असताना मी लिहिलं, जळगाव मुलींसाठी खोली. लगेच फोटो आले. हिरवी भिंत, लोखंडी खाट, एक खिडकी. मी बोटाने फोटो मोठा करायला गेले, दाराकडचा कोपरा नुकताच दिसत होता, तेवढ्यात पांढरी चौकट मधे येऊन बसली. लॉगिन करा. मागची खोली धुकं पडल्यासारखी झाली. चौकट बंद करायची फुली शोधली, कुठेच नव्हती. मागे जाऊन दुसरं संकेतस्थळ उघडलं. त्याने दोन फोटो दाखवले आणि मग दुकानाचं शटर पाडावं तसं पाडलं. तिसऱ्याने फोटोच्या आधीच नाव विचारलं.

धुळ्याला आम्ही लग्नाच्या साड्या घ्यायला जातो. दुकानदार गादीवर बसवतो, पाणी देतो आणि थप्पीच्या थप्पी उलगडत जातो. "घेऊ नका अक्का, पण पाहा तर." आमच्या बायका अर्धं दुकान उलगडायला लावून एक परकर घेऊन येतात. त्याचं तोंड वाकडं होत असेल, पण पदर बघायच्या आधी तुमचं नाव काय, नंबर काय, असं त्याने कधी विचारलं नाही. हे प्रश्न मला एकदाच विचारले गेले होते. मला बघायला पाहुणे आले होते तेव्हा. नाव काय, कोणाची, कितवी शिकलीस. मी मान खाली घालून पाटावर बसले होते. आताही तसंच झालं. बघायला मी गेले होते आणि माझीच चौकशी चालली होती.

माझा नंबर फार कोणाकडे नाही. माहेरी आहे, मोठीकडे आहे, घरच्यांकडे आहे. गॅसवाल्यालासुद्धा आम्ही मोठीच्या वडिलांचा दिला आहे. तरी त्या दिवशी मी नंबर टाकला. कडी बघायची होती ना.

मग नावाची चौकट आली. पूर्ण नाव, असं लिहिलं होतं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही आणि पूर्ण नावात ते मधोमध येतं. तोंडाने घ्यायचं नाही तर लिहायचं का, मला कळेना. नुसतं माझं नाव लिहावं, तर त्या नावाने मला इतक्या वर्षांत कोणी हाक मारलेली नाही, ते लिहितानाही दुसऱ्याच कोणाचं वाटलं. शेवटी मला ज्या नावाने सगळे ओळखतात ते लिहिलं. मोठीची आई.

त्याने ते घेतलं. मग आकडे पाठवले. आकडे वाचून परत येईपर्यंत वेळ संपली म्हणाला. पुन्हा मागवले, पाठ केले, पुटपुटत टाकले. मग गाव विचारलं, बजेट विचारलं, ईमेल विचारला. ईमेल माझ्याकडे कुठला? ते तसंच सोडून पुढे दाबलं, तर अक्षरं आली की आमचा प्रतिनिधी लवकरच फोन करेल. खोली धुक्यातच राहिली. फोन भिंतीवर मारावा असं वाटलं. मारला नाही, आबांच्या खाटेजवळ चार्जिंगला लावला.

तिथेच चुकलं. संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि फोन आबांच्या खाटेजवळ वाजला. आबांना कमी ऐकू येतं म्हणून ते स्पीकरच लावतात.

"नमस्कार, मोठीची आई मॅडम बोलताय का?"

"कोन?"

"मॅडमनी रूमसाठी चौकशी केली होती सर. आपण कोण?"

"मी मोठीना आबा."

"ओके आबा सर. बजेट काय आहे आपलं?"

आबांनी फोन तोंडाजवळ धरला. मग म्हणाले, "खोलीले मझारतून कडी शे का?"

"सर, ते डिटेल्स लॉगिन केल्यावर दिसतील."

"ते काय ऱ्हास?"

"सर, मॅडमना विचारा. त्यांनी केलंय."

भाकरी तव्यावर करपली तरी मला उलटता येईना. फोन ठेवून आबा म्हणाले, "शेजारनी बाईले नंबर देत नही तू, अन् त्यासले दिना?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून रांगच लागली. कर्जवाला, प्लॉटवाला, विमावाला. सगळे मोठीची आई मॅडम म्हणायचे, म्हणून नंबर कुठून फुटला ते मला समजायचं. एवढं बोलून कडीचं कोणालाच माहीत नाही. आबांनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि जेवताना म्हणाले, "आठे घरमा बसी हाई हाल, तठे पोर एकटी कशी ऱ्हाई?" मोठीने ताटावरून माझ्याकडे पाहिलं. तिला बिचारीला काय सांगू? तिच्यासाठी बघायला गेले आणि तिचाच रस्ता अडवून बसले.

तेव्हा मी बोलले. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, भिंतीकडे बघत बोलले. "आबा, तुम्हीच चला. आपण जाऊन बघू." मोठीच्या वडिलांनी पाण्याचा तांब्या उगाच उचलून ठेवला. आबा म्हणाले, "सकायनी गाडी कितली वाजता शे?"

आबा, मोठी आणि मी निघालो. साक्री, धुळे, मग जळगावची गाडी. आबांचे गुडघे धुळ्यालाच सुजले. कॉलेजच्या मागच्या गल्ल्यांत विचारत हिंडलो. एका घरापुढे बाई मिरच्या वाळत घालत होती. म्हणाली, वरची खोली रिकामी आहे, जा बघून या, माझे हात तिखटाचे आहेत. आबा पायरीवर बसले, आम्ही दोघी वर गेलो. मी दार आतून लावलं, कडी ओढून पाहिली, दोनदा. घट्ट होती. खिडकीचे गज हलवून पाहिले, खाटेवर बसले. मधे कोणी आलं नाही. खाली आल्यावर बाईने पाणी दिलं आणि मग विचारलं, कुठले तुम्ही? आबांनी सांगितलं. पाण्याचं, बाथरूमचं, वर आणखी कोण राहतं, सगळं विचारून घेतलं. परतताना गाडीत म्हणाले, "फी भरी द्या."

झालं ते चांगलं झालं. पण माझा राग गेला नाही. खोली तशीच होती, खाट, खिडकी, कडी. फोटोत दिसण्यासारखंच होतं सगळं. त्यासाठी म्हातारा माणूस दिवसभर एसटीत हाडं मोडून घेतो आणि मी घरात मान खाली घालते, हे कशासाठी? मी त्या संकेतस्थळावरून माझा नंबर काढून टाकायलाही गेले. तर म्हणाला, आधी लॉगिन करा.

मोठी राहायला गेली त्या संध्याकाळी फोन वाजला. नंबर अनोळखी. मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. मग आबांनी माझ्या हातातून घेतला, मोठ्याने "नही पाहिजे!" म्हणाले आणि मग पलीकडचा आवाज ओळखला. फोन माझ्याकडे दिला.

मोठी रडवेली झाली होती. तिच्या फोनची बॅटरी संपली म्हणून घरमालकिणीच्या फोनवरून करत होती.

"आई, कापत काय होतीस सारखी?"

मी विचारलं, "कडी लावलीस का?"