टकाचोरानं नेलेला घास

पारू गेली तेव्हा मी पिठाच्या गिरणीत नंबर लावून उभा होतो. शेजारची रुक्मिणी धापा टाकत आली आणि म्हणाली, "काका, डबा ऱ्हाऊ द्या, घरी चला." डबा ऱ्हाऊ द्या म्हणाली तिथंच मी ओळखलं. घरी आलो तर ही ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली. मांडीवर सूप, सुपात विडीची पानं आणि तंबाखू, हातात कात्री तशीच... कुणालाही वाटावं डुलकी लागलीय. मी म्हणालो पण, "अगं, ऊठ की."

मी मागावर कामाला होतो. ही मंद्रूपची, शेतातली पोर. लग्नानंतर सोलापुरात आली आणि विड्या वळायला शिकली. मागाच्या खडखडाटानं माझे कान लवकर गेले, म्हणून ती माझ्याशी ओरडूनच बोलायची. आमच्या घरात आज कालवण काय आणि भांडण काय, सगळं गल्लीला ठाऊक असायचं. आता घरात इतकं शांत असतं की कान गेले ते आत्ताच गेले असं वाटतं.

आमचा एकुलता मुलगा सुनील पुण्यात सातव्या मजल्यावर राहतो. मागं आम्ही दोघं महिनाभर तिथं होतो. तिथलं दार आपोआप लागतं. एकदा ही आंघोळीला गेलेली आणि मी दुधाची पिशवी घ्यायला बाहेर पाऊल टाकलं, मागं दार लागलं. लिफ्टची बटणं मला कळत नाहीत, आणि सात मजले पायानं उतरवत नाहीत. बसलो पायरीवर. बऱ्याच वेळानं ही केस पुसत दारात आली. "काय वो, भीक मागायला बसलाय व्हय?" गॅलरीला कबुतरांसाठी जाळी ठोकलेली. त्या जाळीतून बाहेर बघत एकदा म्हणाली, "हितं मानूस मेलं तर कावळ्याला लिफ्टनं आनावं लागंल." सून हसली, मी बी हसलो. परत येताना एसटीत मात्र ती म्हणाली, "मी गेल्यावर तुमी तितं जाऊ नका. गुदमरून मराल."

दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवला. कावळा काही शिवेना. झाडावर दोन बसलेले, खाली बघायचे आणि मान फिरवायचे. इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. मग एकेक जण पुढं होऊन हात जोडून बोलायला लागला. माझी थोरली बहीण, आक्का, म्हणाली, "पारू, तुझी शेळी मी संबाळते." नाही आला. सून म्हणाली, सगळे सण करू. नाही आला. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात सुनील पुढं झाला, रडत होता. "आई, बाबांना मी पुण्याला नेतो. एकटं ठेवत नाही. शब्द देतो."

आणि चिंचेवरून एक पाखरू उतरलं. तांबूस अंग, काळं डोकं, लांब शेपूट. घास उचलला आणि गेलं.

सुनीलनं सुटकेचा श्वास सोडला. आक्का मात्र उसळली. "त्यो कावळा न्हवं, टकाचोर हाय. चोरानं शिवलेलं कुटं चालतं?" गुरुजी म्हणाले, पक्षी शिवला, झालं. सुनीलचे चुलते म्हणाले, कावळा तो कावळाच, त्याच्या जागी दुसरं पाखरू चालत नाही. शेवटी वाद नको म्हणून गुरुजींनी दर्भाचा कावळाही लावून विधी पुरा केला, पण आक्काचं मन भरलं नाही. माझ्या डोक्यात एकच चाललेलं. पाखराचं खरं धरलं तर पारू सुटली, पण सुनीलचा शब्द माझ्या गळ्यात पडला. चोर म्हणून सोडून दिलं तर मी हितं राहायला मोकळा, पण ती अडकली. दोघांनी मिळून सुटायची सोय नव्हती.

टका म्हणजे जुन्या काळचं नाणं. चकचकीत काही दिसलं की उचलतं, म्हणून टकाचोर. मी तरी ह्या पाखरानं कधी पैसा उचललेला बघितला नाही. नाव पडलं की पडलं, मग ते कोण धुऊन काढतो? लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या लिंबावर हे बसलं होतं. मी दगड उचलला. हिनं हात धरला.

"चोर हाय त्यो," मी म्हणालो.

"कुनी सांगितलं? त्यो कावळ्याच्या घरातला हाय. माझा बा म्हनायचा, कावळा थोरला, ह्यो धाकटा. थोरला कामात असला की धाकटा येतो."

ही गोष्ट आता मला एकट्यालाच ठाऊक. तिचा बाप गेला, भाऊ गेले, ती गेली... मी तोंड उघडलं नसतं तर कुणाला कळणार होतं? आणि तीच म्हणालेली की तितं जाऊ नका. तिचेच दोन शब्द, एक हिकडं ओढतो, एक तिकडं.

गेल्या आठवड्यात आक्का आली. म्हणाली, पुन्हा विधी करू, माझ्या सपनात पारू दारात उभी राहते, आत येत नाही, बाहेर जात नाही. पायरीवर बसलेला मी मला आठवलो. मागं दार लागलेलं, खाली जाता येत नाही. तसं तिचं व्हावं?

मी आक्काला धाकट्याचं सगळं सांगितलं. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मंग शिवला की रं." मी म्हणालो, "व्हय, शिवला." सुनीलला फोन लावला. रविवारी तो मला न्यायला येतोय.

तिचं सूप खुंटीला आहे. भिंतीवर ती टेकायची तिथं डोक्याच्या तेलाचा डाग आहे. सुनील म्हणतो, भाडेकरू ठेवायच्या आधी रंग देऊ. मी म्हणालो, दे बाबा. फक्त एक ऐक. माझा दहावा हितं सोलापुरात कर. मला कसला शब्द देऊ नको, आणि जो येईल त्याला खाऊ दे.