मेसचा भात, नवं व्हाच्या आधी

त्या दिवशी घरात आम्ही पाच जण होतो. मी, माहा पोरगा, सून, बारावी पास झालेली नात, आन माहे जेठ, मंजे मालकाचे मोठे भाऊ. मालक जाऊन लय वर्षं झाली, तवापासून भावकीत मोठं माणूस मंजे हे जेठच. आमचं गाव चामोर्शीच्या पुढं, धानाचं. नातीचा नंबर चंद्रपूरच्या कालेजात लागला, होस्टेलबी भेटलं. अडलं होतं जेवणावर. मेस लावाची का खोलीत शिजवाचं, येवढंच ठरवाचं होतं.

नात म्हणे, "बाबा, मी मेस लावतो. सकाळी सकाळी कालेज, दुपारी प्रॅक्टिकल. शिजवू कवा न शिकू कवा?"

पोरगा माह्याकडं पाहे. घरात तसंच होतं, मी हो म्हणलं का हो.

मी म्हणली, "मेस नाई लावाची. तिथला तांदूळ कोणाच्या वावरातला, कवाचा, कोणाले माहीत? नवं व्हाच्या आधी नवा भात पोटात गेला त?"

आमच्यात असं आहे का, नवं धान निघालं का भावकीतला मोठा माणूस पयले देवाले भात वाहाते, मंग सगळ्यायले पानावर वाढते. त्याले नवं म्हणतात. ते होईस्तोवर नव्या तांदळाचं शितबी तोंडात घालाचं नाई. जुनाच खाचा.

जेठ माह्याशी सरळ बोलत नसत, रीत नाई तशी. ते पोराले म्हणाले, "सांग तुह्या मायले, देव काही मेसमधी डोकावाले जात नाई. पोट्टी शिकाले चालली का सयपाकीण व्हाले?"

सून भाजी निसता निसता म्हणली, "मंग आईलेच पाठवा होस्टेलात, गंज-परात घेऊन."

सारे हासले. मी नाई हासली. मी पोराले म्हणली, "सांग तुह्या मोठ्या बाले, पोरगी कोणाची गेली होती ते."

सून खाली पाहून भाजी निसाले लागली. माही पयली पोरगी दोन वर्षाची होती. त्या साली घरात दाणा नव्हता. ते रडे, म्हणून नवं व्हाच्या आधीच मी धानाच्या बांदीतल्या चार लोंब्या तोडून कांडल्या, तिले पेज करून पाजली. त्याच महिन्यात ते तापानं गेली. दवाखाना लांब, मधात नदी. लोक म्हणाले ताप होता. पण तवापासून मी ते रीत मोडली नाई, कोणाले मोडूबी देली नाई.

नातीनं माह्या तोंडाकडं पाह्यलं आन म्हणली, "राहू दे बाबा. शिजवतो मी."

जुना तांदूळ देला बांधून, लाखोळीची दाळ देली, चटणी देली. बापानं कॉइलची शेगडी घेऊन देली. आन मी तिले शपथ घातली का मेसमधलं काईच खाशील नोको. भात नाई त नाई, तिथली पोळीबी नाई. येवढं कायले म्हणली काय माहीत. भिती असली का माणूस जास्तच बोलून जाते.

पोट्टी तशीच राह्यली. अंधारातच उठे, भात टाके, तेच दोन्ही टाईम खाये. तिच्या खोलीत मुलचेऱ्याकडची एक बंगाली पोरगी होती, ते मेसमधी जाये. ते हिले चिडवे, "तू तो साधूबाई है रे."

धान कापाचे दिवस आले आन जेठ गेले. रात्री बरोबर जेवले, सकाळी उठलेच नाई. घरात सुतक लागलं. नवं करणारा माणूसच गेला, आता तेरवी झाल्याशिवाय नवं होत नाई. पोरगा वावरात आन क्रियाकर्मात. मी नातीले फोन केला. म्हणली, "परीक्षा आहे, येऊ नोको. तांदूळ आहे ना?"

"आहे ना आजी."

नव्हता. डब्बा खाली झाला होता. घरी असं झालं असताना तांदळाचं काय सांगाचं, असं तिले वाटलं. दुकानातून आणावं त तो नवा का जुना, कोण सांगन? तर पोट्टी चणे खाये, बिस्किट खाये, चहा पिये. अभ्यास करे.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत ते चक्कर येऊन पडली. त्या बंगाली पोरीचा फोन आला. "दादी, ये कुछ खाती नहीं. मैं लाती हूं तो बोलती है, कसम है. कैसी कसम है आपकी?"

सुतकात बाहेर निघू नये म्हणतात. मी निघाली. अंगावरच्या लुगड्यानं, हातात पिशवीबी नाई, एस्टीत बसली. सारा रस्ता माह्या डोळ्यासमोर तेच, दुसऱ्या पोरीलेबी मीच मारून राह्यली का?

होस्टेलात गेली त नात खाटेवर निजली होती. गालफडं बसलेली. मले पाहून उठली न म्हणली, "आजी, माहा पेपर राह्यला." रडली नाई. माह्यावरच गेली आहे.

मी तिचा हात धरून मेसमधी नेलं. जेवणं होऊन गेली होती. वाढणारी बाई म्हणली, "पोळ्या सरल्या मावशी, भात-वरण आहे." गरम भात ताटात पडला आन मले वासावरूनच समजलं. चिकट, पांढराफेक, वाफेले गोडसर वास. नवा तांदूळ.

नातीलेबी समजलं. धानवाल्याची पोरगी आहे. तिनं हात मांडीवर ठेवला. "आजी, हा नवा आहे."

"खा."

"नवं झालं का?"

तेरवीले अजून दिवस होते. मी म्हणली, "झालं, माय."

"खरंच?"

मी तिच्याच ताटातून घास घेतला न खाल्ला. तिनं पाह्यलं, मंग खाल्लं. तीनदा भात मांगला. वाढणारी बाई हासून म्हणली, "हळू वं पोरी, मेस कुठी पळून जात नाई." मी लुगड्याच्या पदरानं तोंड पुसत राह्यली.

दुसऱ्या दिवशी बापाले सांगून मेस लावली. तिचा तो विषय राह्यला, पुढच्या वेळी निघाला. आता ते बरी आहे, भरली आहे अंगानं. तिले काई झालं नाई. पण तिले साधा ताप आला तरी मी दिवसातून चारदा फोन लावतो.

तेरवीनंतर पोरानं नवं केलं. सगळ्यायची पानं मांडली, नात होस्टेलात होती त तिचं मीच मांडलं. पयल्या पोरीले भुकेसाठी रीत मोडून खाऊ घातलं, हिले रीत पाळाले लावून उपाशी ठेवलं, आन मंग खोटं बोलून खाऊ घातलं. यातलं कोणतं चुकलं ते मले या वयातबी समजत नाई. त्या दिवशी नवं झालं नव्हतं, हे तिले अजून सांगतलं नाई. हे वाचून तिले कळलं त कळो.

माह्या हातचं पान देवानं घेतलं का नाई, मले माहीत नाई. म्हणून वाचणाऱ्याले हात जोडून सांगतो. तुमच्या घरी नवं करत असान, त एक पान माह्या नातीसाठी मांडा. जमलं त तिच्या बाजूले एक लहानसं, माह्या पयल्या पोरीसाठी.