भिंतीपलीकडचं औषध

"डायबेटिस आहे. रक्तात साखर वाढलीय," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या देतो, पण खरं औषध म्हणजे चालणं." मला हसूच आलं. उदगीरकडच्या आमच्या खेड्यात बाईला चाल म्हणून सांगावं लागत नाही. विहीर, शेत, बाजार, सगळं पायी, आणि वाटेत प्रत्येक ओट्यावर थांबून बोलणं.

लातूर जिल्हा झाला, यांची नव्या कचेरीत बदली झाली आणि आम्ही लातूरच्या कॉलनीत आलो होतो. रस्ते ऐसपैस, पण सावली नाही, दुकान नाही, बायका फाटकाच्या आत. एकटी चालत निघाले की लोक विचारायचे, "काय झालं वहिनी? स्कूटरवर सोडू का?"

मागच्या बाजूला एक बोळ होता. पलीकडे जुनं गावठाण, लिंबाची झाडं, दारोदार माणसं. तिथं माझे पाय आपोआप चालायचे. मजुरीला जाणारी गयाबाई रोज पारापर्यंत सोबत यायची. साखर उतरली.

मग दुष्काळ पडला. गावठाणातला आड आटला, तशा तिकडच्या बाया बोळातून आमच्या हापशावर येऊ लागल्या. एका सकाळी चप्पल घालून निघाले, तर बोळात भिंत! सिमेंट अजून ओलं होतं. शेजारीण म्हणाली, "मीटिंगमध्ये ठरलं की. तुमच्या यांनीच विषय काढला."

यांना विचारलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "पाणी आपल्यालाच पुरंना. तू गच्चीवर चाल की."

माझ्या गोळीची वेळ न चुकता सांभाळणारा माणूस. त्यानंच माझं औषध बंद केलं, आणि मला सांगितलंसुद्धा नाही. त्या दिवशी रडू आलं नाही, संताप आला.

गच्चीवर थोडे दिवस गरगर फिरले आणि सोडून दिलं. मोठ्या रस्त्यावर ट्रक, तिकडे एकटीनं जायची छाती होईना. तळपाय बधिर झाले. न्यूरोपथी, म्हणजे साखरेनं नसा निकामी होणं. "चालणं का थांबलं?" डॉक्टरांनी विचारलं. मी यांच्याकडे बोट केलं. "यांना विचारा."

साखर असलेल्या माझ्या बहिणींनो, गोळ्या वेळेवर घ्याच. पण घर घेताना दारातून पाय कुठं जातील, तेही बघा.

पुढं एकदा सकाळी फाटक वाजलं. गयाबाई! ट्रकांच्या रस्त्यानं वळसा घालून आली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "घागर कुठाय? आण, भरून देते."

"पान्याला न्हाई आले, बाई. लई दिस झाले, तुमी दिसंनात. चला, हळूहळू जाऊ."

हे व्हरांड्यातच बसले होते. मी त्यांना विचारलं नाही. गयाबाईच्या खांद्यावर हात टाकला आणि फाटक उघडलं.