बहिणीच्या गावात लॉज

आमच्या मूल गावाहून चंद्रपूर बसने तास-दीड तास. एवढ्याशा अंतरासाठी कोणी लॉज घेत नाही, आणि ज्या गावात सख्खी बहीण नांदते तिथे तर आमच्याकडे लॉजचं नावही काढत नाहीत. तरीही मागच्याच्या मागच्या चैत्रात, महाकालीच्या यात्रेच्या गर्दीत, मी आईला घेऊन चंद्रपुरात स्वस्तातली खोली शोधत फिरलो.

कारण एकच, माझं डोकं. वडील गेले तेव्हा तेरवीच्या दिवशी थोरली बहीण भरल्या मांडवात म्हणाली होती, "बाबाले आठ दिवस आधी नागपूरले नेलं असतं, तर आज ही पंगत बसली नसती." तिचं खरं होतं. ॲसिडिटी आहे असं म्हणत मी त्यांना मेडिकलमधून गोळ्या आणून देत होतो. खरं होतं म्हणूनच झोंबलं. यापुढे तुझ्या घरचं पाणी पिणार नाही, असं मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. रागाच्या भरात बोललेलं मी फार इमानाने पाळतो. बाकी कुठल्या बाबतीत मी इतका शब्दाचा पक्का नाही.

आई माझ्याकडे राहायची, त्यामुळे ते पाणी तिचंही तुटलं. मी तिला कधी अडवलं नाही, असं लोकांना सांगायचो. पण एकटीने बस चढणं तिच्याने होत नव्हतं आणि नेणारा मीच होतो. बहिणीचा फोन आला की ती दाराबाहेर जाऊन बोलायची.

अशी दोन वर्षं गेली. मग आईने यात्रेचं मनावर घेतलं. झरपट नदीत अंघोळ करायची, पहाटेच्या रांगेत लागायचं. मुक्कामाशिवाय ते जमणारं नव्हतं. आधी मुक्काम बहिणीकडेच असायचा, जुन्या कोटाच्या अंचलेश्वर गेटच्या आत, देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी म्हणालो, "लॉज पाहू." ती पिशवी भरायला लागली.

बस स्टँडजवळचे लॉज नांदेडकडच्या भाविकांनी आधीच भरून टाकले होते. एका ठिकाणी खोली होती, पण तिसऱ्या मजल्यावर. आईचं चालणं पाहून मॅनेजरनेच नको म्हटलं. धर्मशाळेच्या अंगणातसुद्धा पथाऱ्या पडलेल्या. मी विचारून येईपर्यंत आई भिंतीच्या सावलीला बसायची, मी हात केला की गुडघ्यावर हात ठेवून उठायची. चंद्रपूरचं चैत्रातलं ऊन काही चेष्टा नाही. एकदाही ती कुरकुरली नाही. कुरकुरली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

शेवटी देवळाच्या वाटेवर तळमजल्याची एक खोली मिळाली. एक खाट, खाली सतरंजी, खिडकीत खडखडणारा कूलर. म्हातारा मालक रजिस्टर लिहीत होता. लिहिता लिहिता त्याने आईला विचारलं, "काऊन आजी, एवढ्या उन्हात फिरून राह्यल्या? चंद्रपुरात आपलं कोणी नाई का?"

"नाई भाऊ," आई म्हणाली. "कोणीच नाई."

मी खिशातून आधार कार्ड काढत होतो. मान वर केली नाही. माझ्यासाठी ती पोटच्या पोरीला नाही म्हणाली, हे मला त्याच वेळी कळलं होतं. पुढे कधीतरी उमगलं, असं म्हणायची मला सोय नाही.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. या वेळी आईला बाहेर जायलाही जागा नव्हती. "घरीच आहो," आई म्हणाली. "मूललेच. कुठी जाणार?" बाहेर भोंग्यावर हरवलेल्या माणसांची नावं पुकारत होते. परभणीकडची एक म्हातारी पोलीस चौकीपाशी बसून आहे, तिच्या माणसांनी येऊन न्यावं. तिकडे बहिणीचं बोलणं मध्येच थांबलं. मग तिकडून फोन बंद झाला.

"तिले समजलं," आई म्हणाली. "तिच्या घरी बी हेच ऐकू येत असंल." जरा वेळाने म्हणाली, "बाबू, उद्या दर्शन झालं का तिच्या गल्लीतून जाऊ. आत नाई जात. पाहून येऊ फक्त."

"सकाळी पाहू," मी म्हणालो.

सकाळी पाहिलं नाही. रांगेतच ऊन चढलं. देवळातून बाहेर आल्यावर मी ऑटोवाल्याला बाहेरच्या रस्त्याने सरळ बस स्टँडवर घ्यायला सांगितलं. गेट मागे पडेपर्यंत आई तिकडे पाहत होती.

त्याच वर्षी पावसाळ्यात, धानाची रोवणी सुरू असताना आई गेली. दुपारी जेवून आडवी झाली, उठलीच नाही. बहिणीला मीच फोन केला. ती आली, आईच्या पायांवर डोकं ठेवून खूप रडली. सगळं आटोपल्यावर आम्ही दोघं ओसरीत बसलो होतो. मला राहवेना. म्हणालो, "बाई, यात्रेत आईले तुह्या घरी यायचं होतं. मीच नाई आणलं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून बस स्टँडवर जाऊन बसली होती. तुम्ही मूलची गाडी तं धरानच, म्हटलं. तुम्ही ऑटोतून उतरले तं मी मांगंमांगं चालली बी."

"मंग आवाज काऊन नाई दिला?"

"तू होता ना संगं. चार लोकायसमोर तू काई बोलला असता, तं आईलेच लागलं असतं." तिने पदराने तोंड पुसलं. "गाडी सुटेपर्यंत उभी होती. खिडकीपाशी तू होता, आई पलीकडं. तिचं तोंड नाई दिसलं."

उकडत होतं, म्हणून खिडकीची जागा मी आईच्या आधी शिरून धरली होती.