तेल न प्यायलेला स्पंज आणि चामोर्शीकडचा तलाव

चामोर्शीकडे जायचं ठरलं ते आमच्या प्रयोगशाळेच्या बेसिनपाशी. मी नागपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. गादीतल्या साध्या फोमवर सिलिकॉन आणि काजळीचा लेप चढवून स्पंज करायचं वेड तेव्हा माझ्या डोक्यात होतं. गंमत अशी, की हा स्पंज पाण्याला अजिबात जवळ करत नाही. पाण्यात दाबला तरी कोरडा ठणठणीत वर येतो. पाण्यावर तेल असलं तर मात्र ते भोकाभोकांत ओढून घेतो आणि पिळला की परत देतो. आमचा परिचर देवराव हे सगळं तीन महिने बघत होता. एक दिवस तो म्हणाला, "मॅडम, माह्या मावशीच्या गावी तलावावर तेल आलं म्हणते. मासे कोणी घेऊन नाई राह्यलं. तुमचा हा स्पंज तिथी चालन का जी?"

"न चालायला काय झालं?" मी तोऱ्यात म्हणाले. तोवर माझा स्पंज बादलीच्या बाहेर कधी गेला नव्हता.

डिसेंबरात सुट्टी काढून आम्ही निघालो. तुम्ही जाणार असाल तर नागपूरहून सकाळी सहाची चंद्रपूर एस.टी. धरा, आणि डावीकडच्या खिडकीशी बसू नका, ऊन थेट डोळ्यांवर येतं. भद्रावतीपासून पुढे कोळशाचे ट्रक सोबतीला असतात, तेव्हा पांढरे कपडे घरीच ठेवा. चंद्रपूरच्या बसस्थानकाबाहेर तर्री-पोहे खाल्ले. तर्री बेताने घ्या, मी बेताने घेतली नाही आणि मूल गाव येईपर्यंत नाक पुसत होते. चंद्रपूर ते मूल हा रस्ता जंगलातून जातो, साग आणि बांबू अगदी खिडकीला घासतात. पुढे वैनगंगेचा पूल ओलांडून चामोर्शी आणि तिथून काळी-पिवळी जीप. जीपमध्ये आम्ही चौदा जण होतो आणि स्पंजांचं पोतं माझ्या मांडीवर होतं. शेजारच्या आजोबांनी ते दाबून पाहिलं आणि विचारलं, "उशा विकता का बाई?"

देवरावची मावशी पार्वताबाई. साठीची, सडपातळ, बोलायला थेट. त्यांच्या घरची माणसं पिढ्यानपिढ्या तलावात जाळं टाकतात आणि पार्वताबाई टोपली घेऊन चामोर्शीच्या बाजारात बसतात. रात्री भात आणि वालाच्या दाण्यांची भाजी वाढताना त्यांनी सगळं सांगितलं. तलावाच्या काठाला रंगीत चकाकी येते. तशी ती दरसाली थोडी येते, यंदा फार आली. आणि यंदाच गणपत मिस्त्रीनं तलावाच्या वरच्या अंगाला डिझेल पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. लोकांनी दोन्हींची सांगड घातली, आणि बाजारात बातमी गेली की या तलावाचे मासे डिझेलचे.

"चार बाजार झाले, टोपली भरून नेतो अन् भरूनच आणतो," त्या म्हणाल्या. "तुमी तेवढं तेल काढून द्या बाई. लोकाईले दिसू द्या, काढलं म्हणून."

दुसऱ्या दिवशी पार्वताबाई पहाटेच नावेतून तलावाच्या पलीकडच्या टोकाला जाळी उचलायला गेल्या. मी आणि देवराव तलावावर गेलो, मागून अर्धं गाव आलं. चकाकी खरोखरच होती, निळी-जांभळी, पेट्रोल पंपावरच्या डबक्यासारखी. मी ऐटीत स्पंज फिरवला आणि पिळला. एक थेंब पडला नाही. दुसरा फिरवला, तोही कोरडा. काठाशी चिखलात तांबूस गाळ होता, तो तेवढा बोटांना लागला. लेप निघाला? थंडीने तेल घट्ट झालं? मला काही म्हणजे काही कळेना. मागे कोणीतरी हसलं. तेरा वर्षं फळ्यापुढे उभी राहणारी बाई मी, पण कानशिलं तापली.

अब्रू वाचवायला मी देवरावला म्हटलं, कुठून तरी तेल आण, निदान स्पंज खोटा नाही हे दाखवू. तेल कुठे मिळणार? मिस्त्रीकडे. आणि गणपत मिस्त्री स्वतः जळकं इंजिन ऑइल डब्यात घेऊन आला. "हे घ्या मॅडम. मी हे सांडत नाई, डब्यात भरून चंद्रपूरले विकतो. बरोबर तपासा, म्हणजे माह्या नावचा डाग जाईन."

बादलीत तलावाचं पाणी घेतलं, वर ते काळं तेल ओतलं, स्पंज टाकला. दोन मिनिटांत पाणी स्वच्छ आणि स्पंज काळा. पिळला तर तेलाची धार लागली. टाळ्या पडल्या. जे आधीपासून उभे होते त्यांना बादली दिसली होती. जे उशिरा आले त्यांना फक्त काळी धार दिसली, आणि उशिरा आलेलेच जास्त होते.

सगळे पांगल्यावर मी चिडून काठाशी बसले आणि एक काडी त्या चकाकीत खुपसली. चकाकी पापडासारखी तडकली. तुकडे वेगळे झाले ते वेगळेच राहिले. चामोर्शीला जाऊन एसटीडी बूथवरून कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या सरांना फोन लावला. ते खो-खो हसले. "अहो, तेल काडीनं तुटत नाही, फिरून जुळून येतं. त्या भागातल्या मातीत लोखंड आहे. साचलेल्या पाण्यात त्याच्यावर जगणारे जिवाणू असतात, त्यांची साय ती. तांबूस गाळ होता ना?"

होता. म्हणजे तलावात तेल नव्हतंच.

डोकं शांत व्हावं म्हणून तशीच मार्कंडाला गेले. तुम्ही जाल तेव्हा शिवरात्रीची जत्रा टाळा किंवा मुद्दाम गाठा, अधलंमधलं काही नाही. नदीकाठच्या देवळांवरचं कोरीव काम बघायला अख्खा दिवस हवा. मी दोन तास होते आणि एकही मूर्ती धड पाहिली नाही. पार्वताबाईंना काय सांगायचं? संध्याकाळी गावात परतले तर माझ्या आधीच निकाल पोचला होता. मॅडमनं तलावातून तेल काढलं, काळी धार सगळ्यांनी पाहिली. आणि तेल निघालं म्हणजे ते मिस्त्रीचंच, त्यानं उद्या दुकान उचलावं. पार्वताबाईंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मी तो तोंडात टाकला आणि काहीच बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी चामोर्शीचा बाजार. पार्वताबाईंच्या टोपलीभोवती गर्दी होती. रोहू, कटला, झिंगे, सगळं उठत होतं. लोक माझ्याकडे बोट दाखवून एकमेकांना सांगत होते, "ह्याच त्या तेलवाल्या मॅडम." समोर एस.टी.च्या टपावर गणपत मिस्त्री आपली हत्यारांची पेटी बांधत होता. पार्वताबाईंनी तराजू हातात धरून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, तेल होतं ना तलावात?"

"नव्हतं," मी म्हणाले. "ती लोखंडाची साय होती. बादलीतलं तेल मिस्त्रीकडून आणलेलं."

"कवापासून मालूम हाय तुमाले?"

"कालपासून."

"मंग काऊन नाई सांगितलं जी?"

"तुमच्या माशांसाठी," मी म्हणाले.

त्यांनी तराजू खाली ठेवला आणि उभ्या राहून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडल्या, "आयका हो! तेल नाईच निंघालं! तलावात तेल नव्हतंच! मिस्त्रीनं काई नाई केलं!"

मला वाटलं होतं लोक खूश होतील. झालं उलटंच. काल निघालेलं तेल आज नव्हतंच म्हणे, मग खरं काय? दोघांनी घेतलेले मासे परत टाकले. एक बाई पिशवी झटकून निघून गेली. मी काडीचं, सायीचं समजावू लागले, पण माझंच मला पटेनासं झालं आणि ऐकायला कोणी थांबलं नाही. मिस्त्री तेवढा टपावरून पेटी सोडवून खाली उतरला, टोपलीपाशी येऊन बसला. अर्धी टोपली तशीच राहिली.

निघताना पार्वताबाईंनी त्या उरलेल्यातला एक मोठा रोहू हळद-मीठ लावून पळसाच्या पानात बांधून दिला. म्हणाल्या, "माह्यासाठी गप रायल्या तुमी. एवढं कोन करते?"

नागपूरला पोचल्यावर तो मासा रांधला. चव उत्तम होती, कसलाही वास नव्हता. देवराव सांगतो, मिस्त्री अजून तिथेच आहे आणि मावशीची टोपली हळूहळू रिकामी होऊ लागलीय. ऐकून बरं वाटतं. पण मी पार्वताबाईंसाठी गप्प बसले नव्हते. तीन महिने बेसिनपाशी देवरावखेरीज कोणी ढुंकून न पाहिलेल्या माझ्या स्पंजाचं त्या बाजारात कौतुक चाललं होतं, आणि ते मला फार आवडलं होतं. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.