बिनपाण्याची पंगत

तमाम सुज्ञ वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या गावच्या दूध संस्थेचा निकाल कुठल्याही कचेरीत लागला नाही, तो माझ्या चुलीपुढे लागला. त्या वेळी हजर असलेल्यांपैकी कुणाचंही पोट नीट भरलेलं नव्हतं, हेही इथेच सांगून टाकते.

माझे यजमान त्या संस्थेचे सचिव. म्हणजे सकाळ-संध्याकाळ लोकांचं दूध मापून घ्यायचं, दूध किती दाट ते सांगणारी डिग्री बघायची आणि डिग्री कमी भरली की शिव्या खायच्या. त्या दुष्काळात पार नेकनूरपर्यंत हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. जनावरं छावणीत उसाचं वाळकं वाढं चघळत उभी असायची. तसल्या चाऱ्यावर दूध निघत होतं हेच नवल, पण वरच्या दूध संघाला ते पातळ वाटलं. ‘दुधात पाणी घालतात’ असा ठपका ठेवून त्यांनी दुधाची गाडी बंद केली आणि चौकशीला एक साहेब धाडले. साहेबांनी अहवालात ‘पाणी’ लिहिलं की संस्थेला कुलूप, आणि संस्थेला कुलूप लागलं की यजमानांच्या हातात ऊसतोडीचा कोयता.

“सायेब आपल्याकडंच जेवणार हाईत,” यजमानांनी दुपारी येऊन सांगितलं.

“मला इचारलं का?”

“आता इचारतोय की.”

टँकर आलाच नव्हता, त्यामुळे घरात पाणी होतं कळशीभर. गाडी बंद, त्यामुळे दूध मात्र पातेलीच्या पातेली भरून. त्या पातेल्यांकडे बघता बघता माझ्या डोक्यात ती थोर कल्पना शिरली. दुधात घालायला मुळात पाणी आहे कुठं, हे साहेबांना तोंडानं कशाला सांगायचं? ताटातच वाढू. पाण्याचा थेंब न लावता अख्खा स्वयंपाक.

“अगं, साधं पिठलं-भाकरी कर,” यजमान म्हणाले.

“पिठल्याला पाणी लागतं.”

“मग घाल की.”

“सचिवाच्या घरात?”

ते उठून ओट्यावर जाऊन बसले, आणि दर थोड्या वेळानं तिथूनच “झालं का?” विचारू लागले. त्या दिवशी मी काही त्यांच्या डोक्यात घातलं नाही, ते हातात काही जड नव्हतं म्हणून.

कळशी मी कोपऱ्यात झाकून ठेवली आणि सासूबाईंना बजावलं, “आत्या, ह्याला हात लावायचा न्हाई. पावन्याचं पाणी हाय.” त्यांनी मान हलवली. सासूबाईंनी माझं म्हणणं पहिल्या झटक्यात मान्य केलं, तिथेच मला शंका यायला हवी होती.

दशम्यांनी त्रास दिला नाही. ज्वारीचं पीठ दुधात मळायचं, हे आमच्याकडे चालत आलेलंच. पिठलं बिनपाण्याच्या ताकात झालं. मग मला चेव आला आणि मी तुरीची डाळ दुधात शिजायला टाकली.

“दुधात डाळ शिजत न्हाई,” चुलीला जळण सारत सासूबाई म्हणाल्या.

“शिजंल.”

“माझा नातू शाळंला जाईल तवर शिजंल.”

नातू अजून व्हायचा होता. डाळीचा दाणा न् दाणा टणक. वैतागून मी चिंच टाकली, तर दूध फाटलं. मग सगळं फडक्यात गाळलं, लसूण-मिरचीच्या फोडणीत परतलं आणि त्याला कोरड्यास म्हणायचं ठरवलं. कोरड्यास म्हणजे आमचं भाकरीशी खायचं कालवण. नाव कोरडं, पण असतं पातळ. गावाच्या इतिहासात ते पहिल्यांदाच नावाला जागलं. दुधातल्या भातानं बूड धरलं होतं. सासूबाईंनी त्यातली चिमूटभर शितं जिभेवर ठेवली.

“ह्ये बाळंतिणीचं हाय का आजाऱ्याचं?”

“सायबाचं हाय.”

दिवेलागणीला जीप आली. दूध घालणारी अर्धी आळी अंगणात येऊन बसली होती आणि पावसापाण्याचं बोलत असल्याचं सोंग करत होती. तेवढ्यात कित्येक दिवसांत न ऐकलेला आवाज माझ्या कानावर आला. धबाधबा. बाहेर जाऊन बघते तर साहेब विजार वर धरून टाचेवर टाच घासतायत, आणि सासूबाई त्यांच्या पायांवर कळशी पालथी करतायत.

“आत्या, ते पाणी…”

“पावन्याचंच म्हणलीस की.”

“प्यायचं होतं ते.”

“मग तसं सांगावं मानसानं. पावना दारात आला तर आदी पाय का आदी तोंड?”

यजमान तांब्या घेऊन मागच्या दारानं शेजारी पळाले. सगळ्या आळीचं पाणी त्याच टँकरवर होतं, त्यामुळे मी त्यांची वाट बघितली नाही. ताट वाढलं.

पाय एकदम स्वच्छ झालेले साहेब पाटावर बसले. “हे सगळं दुधातच केलंत?”

“पानीच न्हाई, सायेब. दुधात घालाया कुठून आणावं?”

हे वाक्य मी दुपारभर घोकलं होतं. पण नेमका त्याच क्षणी त्यांनी दशमीबरोबर मिरचीच्या ठेच्याचा मोठा घास घेतला होता, त्यामुळे ते त्यांच्या कानात शिरलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. त्यांना ठसका लागला. त्यांनी हात पुढे केला. सासूबाईंनी हातात दुधाचा पेला दिला, चुलीवरून उतरवलेल्या दुधाचा. ते प्याले आणि आणखी लाल झाले.

“पाणी,” साहेब म्हणाले.

“दूध घ्या, बाबा. दुधाला तोटा न्हाई,” म्हणून सासूबाईंनी पेला पुन्हा भरला. साहेबांनी नको नको म्हणत तोही संपवला. घशात दशमी अडकलेली, डोळ्यांना धारा, आणि घरात पाणी म्हणावं असं तेवढंच. सासूबाई पातेलं घेऊन पुढे सरकल्या.

दुधाची गाडी त्याच आठवड्यात पुन्हा सुरू झाली. यजमान आजही सांगतात की त्यांनी साहेबांना डिग्रीचं शास्त्र समजावून दिलं. सांगू देत बापडे. ते त्या वेळी शेजारणीच्या दारात रिकामा तांब्या घेऊन उभे होते. अंगणात बसलेल्या अर्ध्या आळीनं जे ऐकलं ते मीही ऐकलं. चौकशीला आलेले साहेब भरला पेला दोन्ही हातांनी लांब धरून, पार कळवळून म्हणाले, “अहो बाई, कुणीतरी ह्या दुधात थोडं पाणी घाला हो.”