करदोड्याची चावी

भास्करभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्गात मुलांवर डाफरत होते. पलीकडे त्यांचा पुतण्या होता. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली, मेहकरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. लिहायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो चावीचा. चावी कुठे असेल? रडू नंतर आलं... महिना उलटून गेला तरी ती लाज जात नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आमच्या विद्यापीठाचा जन्म एका कारखान्यातला. अग्निबाणांचे सुटे भाग बनवणाऱ्या मालकांनी आधी प्रशिक्षणाचे वर्ग काढले, मग संशोधन संस्था, आणि शेवटी खासगी विद्यापीठ. लहान इंजिनं पेटवून पाहायची जागा मात्र जानेफळजवळच्या माळावर. गावात आम्हाला ‘फटाक्याचं कॉलेज’ म्हणतात. भास्करभाऊ जानेफळचेच, कारखान्याच्या पहिल्या दिवसापासूनचे फिटर, म्हणजे विद्यापीठापेक्षा वयानं मोठे. मी याच जिल्ह्यातल्या धाड गावची, पण पुण्यात शिकून आले आणि येताना जिभेवरची वऱ्हाडी तिकडेच धुऊन आले. पहिल्याच दिवशी भाऊंनी विचारलं, “धाडच्या ना तुमी? मंग अशा काऊन बोलता?” मी नुसती हसले. ते मला शेवटपर्यंत म्याडमच म्हणाले.

भाऊंच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. कारखान्यातल्या जुन्या दिवसांत भाऊ इंजिनाला काहीतरी जोडत होते, आणि चावी ‘दोनच मिनिटं’ म्हणून पेटवायच्या पॅनेलात तशीच राहिली होती. कुणाचा तरी हात बटणावर पडला. पुढे माळावर त्यांनी स्वतः कुलूप बसवलं. इंजिन पेटवायच्या पॅनेलची चावी आणि कुंपणाच्या लोखंडी फाटकाची चावी एकच. ती पॅनेलात असेल तर फाटक उघडत नाही, आणि फाटक उघडायला नेली तर बटण मेलेलं. दुसरी चावी त्यांनी करूच दिली नाही. आणि ती एकुलती एक चावी राहायची त्यांच्या करदोड्याला, शर्टाच्या आत. मुलं मागून खिदळायची. खुंटीवर का नाही ठेवत, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले की खुंटी कुणालाच नाही म्हणत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मोठे पाहुणे आले होते. चाचणी आटोपून त्यांना ऊन उतरायच्या आत लोणारचं सरोवर पाहायचं होतं. मी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. अशा वेळी अर्धा तास कुणी इंजिनाजवळ जायचं नाही, हा नियम मीच मुलांना शिकवते. पण पाहुणे घड्याळाकडे बघत होते आणि माझा स्वभाव म्हणजे उतावळा. वायर सुटली असेल, पटकन पाहून येते, चावी द्या, असं मी म्हटलं. भाऊंनी चावी काढून करदोड्याला अडकवली, स्टुलावर बसले आणि खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढल्या.

“अर्धा तास, म्याडम. लोनार काई पळून नाई चाललं.”

मुलांसमोर, पाहुण्यांसमोर! माझं डोकं फिरलं. या प्रयोगशाळेची प्रमुख मी आहे, असं मी सुनावलं. त्यानंही भागेना, तेव्हा म्हटलं की तुम्हाला भीती वाटत असेल तर तुम्ही इथंच बसा.

“हाव,” ते म्हणाले, “मले भेव लागते. म्हनून तं चावी माह्याजवळ हाये.”

मी तोंड फिरवून उभी राहिले. अर्धा तास व्हायला थोडाच अवकाश होता आणि ते इंजिन आपोआप पेटलं. जिथे मी वाकून वायर पाहिली असती, तिथली लोखंडी शिडी लाल झाली... कानात नुसती शीळ वाजत होती. वळून पाहिलं तर भाऊंच्या हातातल्या शेंगा खाली सांडल्या होत्या. बघा म्हटलं होतं ना, असं एका शब्दानं म्हणाले नाहीत. खाली पडलेली एक शेंग पुसून त्यांनी माझ्यापुढे धरली. मला ती गिळवली नाही.

त्या दिवसापासून मी भ्याले ती भ्यालेच. पण भाऊ स्टुलावर असेपर्यंत माझ्या वाट्याची भीतीही तेच सांभाळायचे.

फोन आल्यावर मी जानेफळला पोचले तेव्हा त्यांना अंघोळ घालून झाली होती. रिवाजाप्रमाणे करदोडा तोडला होता. वहिनींनी पदराच्या गाठीतून चावी सोडली आणि माझ्या हातावर ठेवली. “हे तुमच्याकडचं हाये, घरात नको,” एवढंच त्या म्हणाल्या. मला ती नको होती, खरं सांगते. आठवड्यानं ऑफिसातून सूचना आली की एकाच चावीनं अडचण होते, दुसरी करून घ्या. मी भांडून ते थांबवलं. मग साहजिकच चावी माझ्याच गळ्यात आली, काळ्या दोऱ्यात ओवून.

परवा भाऊंशिवाय पहिली चाचणी झाली. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. मी चावी काढली, गळ्यात घातली आणि त्यांच्या स्टुलावर जाऊन बसले. पाहुणे होतेच. रेणुका ही माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. ती जवळ येऊन म्हणाली, वायरच असेल मॅडम, पटकन पाहून येऊ? मी नाही म्हटलं. तिनं हसत विचारलं, “मॅडम, घाबरलात?”

“हाव,” मी म्हणाले. “मले भेव लागते.”

माझ्या तोंडून ती भाषा मुलांनी कधी ऐकली नव्हती. अर्धा तास बसलो. काही पेटलं नाही. मग मी उठले, रेणुकाला मागेच थांबवलं आणि फाटकाशी गेले. चावी दोनदा कुलपाला चुकली... तिसऱ्यांदा लागली. आत जाऊन पाहिलं तर वायरच सुटली होती. ती जोडली, फाटक लावलं आणि चावी हातात घट्ट धरून परत आले. ती अजून अंगाच्या उबेनं कोमट होती.